हिवाळ्यातला छपराखालचा शेतकरी बाजार: बॉस्टनकडच्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला, चौकातले उन्हाळी शेतकरी बाजार बंद झाले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "आता ताजी भाजी संपली म्हणायची का?" संपत नाही, आत जाते. शाळेच्या सभागृहात, जुन्या गिरणीत, रोपवाटिकेच्या काचघरात. गेली काही वर्षं मी दर शनिवारी अशा बाजारांत जाते आणि तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माहिती मुख्यतः मॅसॅच्युसेट्सची आहे, थोडी शेजारच्या ऱ्होड आयलंडची.

बाहेर गुडघाभर बर्फ असताना शेतकरी विकतात तरी काय?

बेगमी. हा एक शब्द डोक्यात ठेवून गेलात तर निराश होणार नाही. टोमॅटो, भेंडी, काकडी शोधत गेलात तर दहा मिनिटांत परत याल.

जमीन गोठायच्या आत काढलेली गाजरं, बीट, सलगम, मुळे, बटाटे, कांदे, लसूण, कोबी, सफरचंदं आणि नाना तऱ्हेचे भोपळे शेतकरी साठवून ठेवतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत थोडे थोडे बाहेर काढतात. नाशिककडचा शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत भरतो आणि पावसाळाभर विकतो, तसाच हा प्रकार. कांदाचाळीला वारा लागतो, इथे थंड खोल्या लागतात, आणि त्याही एकसारख्या चालत नाहीत. गाजराला शून्य अंश सेल्सिअस आणि ९५ टक्क्यांच्या आसपास दमट हवा हवी. कांद्यालाही शून्य अंशच, पण हवा कोरडी. बटाटा साधारण ४ अंशांवर खूश. बटरनट भोपळा १० ते १३ अंशांवर महिनोन्महिने राहतो, पण त्याला गाजराच्या खोलीत ठेवलं तर थोड्याच आठवड्यांत डाग पडून सडतो. म्हणून फेब्रुवारीत एखाद्याच्या टेबलावर कडक, वजनदार भोपळा आणि करकरीत गाजर दोन्ही दिसलं तर समजायचं, माणूस कामाला पक्का आहे.

बेगमीशिवाय अंडी, चीज, मध, मेपल सिरप, पाव, मांस, मासे, घरात वाढवलेल्या अळंब्या आणि लोणची-मुरांबे असतातच.

मग तो हिरवागार पालक कुठून येतो?

पॉलिहाऊसमधून. आपल्याकडे पॉलिहाऊस म्हटलं की जरबेरा आणि ढोबळी मिरची आठवते. इथे बरीचशी पॉलिहाऊस हिवाळ्यात तापवतही नाहीत. प्लॅस्टिकचं एक आवरण, आत वाफ्यावर पातळ कापडाचं दुसरं, एवढ्यावर पालक, केल आणि काही सॅलडचे पाले तग धरतात.

पण अडचण थंडीइतकीच उजेडाची असते. बॉस्टनला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिवस १० तासांहून लहान असतो. २१ डिसेंबरच्या सुमाराला तर जेमतेम ९ तास ५ मिनिटं. १० तासांच्या खाली गेलं की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. त्यामुळे जानेवारीत तुम्ही जो पालक घेता तो जानेवारीत वाढलेला नसतो. तो नोव्हेंबरपर्यंत वाढून झालेला असतो आणि नंतर वाफ्यात नुसता जिवंत उभा असतो. कापला तर लवकर परत फुटत नाही. म्हणूनच जानेवारीत पालेभाजी कमी, महाग आणि सकाळी लवकर संपणारी असते, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर अचानक टेबलं हिरवी दिसायला लागतात.

थंडीने भाजी गोड होते म्हणतात, ते विकायची युक्ती की खरंच?

खरंच. पारा गोठणबिंदूच्या जवळ गेला की झाड स्वतःला वाचवायला साखर वाढवतं. पेशींतल्या पाण्यात साखर विरघळलेली असली की ते सहज गोठत नाही. गाजर, पार्सनिप, केल, पालक, कोबी या सगळ्यांत हे घडतं. पटत नसेल तर जानेवारीतल्या पालकाचं एक पान मागून कच्चं खाऊन बघा. जाड, जरासं सुरकुतलेलं, देठाशी गुलाबी झाक असलेलं पान असतं आणि देठच सगळ्यात गोड लागतो. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी पालक न घेता नुसतेच देठ खात उभी राहिले होते. शेवटी विकणारी बाई म्हणाली, पिशवी देऊ का.

जायचं कुठे?

सॉमरव्हिलला हायलंड ॲव्हेन्यूवर जुनी आर्मरी (शस्त्रागार) आहे, १९०३ सालची, किल्ल्यासारखी दिसणारी. तिथे हिवाळ्यात शनिवारी बाजार भरतो, साधारण डिसेंबर ते एप्रिल, सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन. गाडी नसेल तरी जमतं: ८८ नंबरची बस हायलंड ॲव्हेन्यूवरून जाते आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ग्रीन लाइनच्या मेडफर्ड फाट्यावरची गिलमन स्क्वेअर आणि मगून स्क्वेअर ही स्थानकं पायी जाण्यासारखी आहेत. बर्फात मात्र त्या चढाला जरा वेळ धरा.

वेलंडला एका मोठ्या रोपवाटिकेच्या काचघरात जानेवारी ते मार्च शनिवारी बाजार असतो. भाजीचा पसारा आटोपशीर, पण चारी बाजूंनी झाडं आणि ओल्या मातीचा वास. फेब्रुवारीत तेवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही. प्रॉव्हिडन्सचा शनिवार सकाळचा बाजार सगळ्यांत मोठा वाटतो. तो आधी पॉटकेटच्या जुन्या गिरणीत भरायचा, आता प्रॉव्हिडन्समध्ये स्वतःच्या इमारतीत आहे.

आणि बॉस्टनमध्ये हेमार्केट स्थानकाच्या डोक्यावरच बॉस्टन पब्लिक मार्केट आहे, जुलै २०१५ मध्ये सुरू झालेलं, बारा महिने चालणारं. तिथला माल न्यू इंग्लंडमधलाच असावा असा नियम आहे. ते बाजारापेक्षा मंडईच्या जवळचं, कायमचे गाळे असलेलं. शेतकरी स्वतः गाळ्यावर भेटेलच असं नाही.

वेळा आणि जागा दरवर्षी थोड्या हलतात. निघण्याआधी त्या बाजाराच्या पानावर एकदा नजर टाका.

शुक्रवार-शनिवारचा हेमार्केटचा बाजार म्हणजे हाच ना?

नाही, आणि ही गल्लत जवळजवळ प्रत्येकाची होते, कारण दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत. हेमार्केटला उघड्यावर जे स्टॉल लागतात ते घाऊक बाजारातला उरलेला माल स्वस्तात विकतात. लिंबं, आंबे, केळी, मिरच्या, जगभरातलं सगळं. कोथिंबिरीच्या जुड्या घ्यायला मीही जाते. पण तो शेतकरी बाजार नव्हे, तिथे "हे कुठल्या शेतातलं?" असं विचारलंत तर विक्रेता तुमच्याकडे बघतच राहील.

किती वाजता जावं?

पालेभाजी, अंडी आणि चांगला पाव हवा असेल तर पहिल्या अर्ध्या तासात. कंदमुळं आणि सफरचंदं शेवटपर्यंत असतात. साडेअकरा ते साडेबारा फक्त गर्दी, बाबागाड्या आणि सूपची रांग.

भाव करायचा का?

नको. इथे ती पद्धत नाही, आणि समोर उभा असलेला माणूस बहुधा पहाटे चारला उठून बर्फातून गाडी हाकत आलेला असतो. "चार जुड्या घेतल्या, एक वर टाका" हे माझ्या सासूबाईंनी एकदा मराठीतच, पण हावभावांसकट म्हणून पाहिलं. त्याने हसून एक बीट खरंच वर टाकलं. यावरून नियम काढू नका.

स्वस्तात हवं असेल तर 'सेकंड्स' आहेत का विचारा. डाग पडलेली, वेडीवाकडी सफरचंदं किंवा तुटकी गाजरं बऱ्याच कमी भावात मिळतात. साखरांबा, हलवा, कोशिंबीर यांना रूप कशाला हवंय?

सुपरमार्केटपेक्षा महाग असतं ना?

पालेभाजी, अंडी आणि मांस, हो, सरळसरळ महाग. कोबी, बटाटे, गाजरं, भोपळा यांत फरक फार कमी असतो, आणि टिकण्याचा हिशेब धरला तर कधी कधी तेच स्वस्त पडतात. न शिजवलेल्या अन्नावर मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीकर नाही. तयार सूप-सँडविचवर मात्र लागतो. ज्यांना स्नॅपची, म्हणजे सरकारी अन्नसाहाय्याची, मदत मिळते त्यांच्यासाठी राज्याची एचआयपी नावाची योजना २०१७ पासून आहे: त्यात सहभागी शेतकऱ्यांकडून फळं-भाजी घेतली की ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे कार्डावर परत जमा होतात. बाजाराच्या माहिती टेबलावर विचारा, ते नीट समजावून सांगतात.

कार्ड बहुतेकांकडे चालतं. तरी वीसेक डॉलर सुटे असू द्या.

पाउंड, पेक, बुशेल… हिशेब कसा लावायचा?

पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आपला अर्धा किलो समजा आणि थोडं कमी धरा. सफरचंदांचा पेक सुमारे साडेचार किलोंचा, चार पेकचा एक बुशेल. दोघांच्या घरात बुशेल आणू नका. आम्ही आणलं होतं. डिसेंबरभर डब्यात सफरचंद, शिऱ्यात सफरचंद, शेवटी आमटीतसुद्धा सफरचंद होतं.

या अनोळखी कंदांचं आपल्या पद्धतीने काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या आवडीचाही आहे, म्हणून जरा पसरते.

नवलकोल इथे हिवाळ्यात नारळाएवढा मिळतो. इतका मोठा म्हणजे जून असणार असं वाटतं, पण साठवणीची जातच तशी असते. साल जाड काढली की आत कोवळा निघतो. डाळ घालून नेहमीची भाजी करा. काळा मुळा बाहेरून कोळशासारखा आणि आत पांढराशुभ्र, झणझणीत. किसून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून घालून, वर हिंग-मोहरीची फोडणी: मुळ्याचा चटका, आणि सर्दी असेल तर ती पळते. कलिंगडी मुळा कापला की आत गर्द गुलाबी असतो. त्याची दही घालून कोशिंबीर केली की पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग जेवतात.

पार्सनिप दिसायला पांढरं गाजर, चवीला गाजराहून गोड आणि जरा सुगंधी. त्याच्या बटाट्यासारख्या पातळ काचऱ्या करा, तिखट हात सैल सोडून. रस्सा मात्र करू नका, गोडसर होऊन बसतो. सेलेरिअ‍ॅक म्हणजे मातीने माखलेला, मुळं फुटलेला, बघवत नाही असा गड्डा. त्याला ओव्याच्या कुळातला वास असतो. बटाट्याबरोबर अर्धा-अर्धा घालून कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा करून पाहा.

सलगमात इथे गावाचा अभिमान असतो. वेस्टपोर्ट गावचं मॅकोम्बर सलगम प्रसिद्ध आहे: तिथल्या मॅकोम्बर बंधूंनी १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला जाऊन आल्यावर ते पैदा केलं, आणि गावात त्याची पाटीसुद्धा लावलेली आहे. एका कंदाची पाटी! बटरनट भोपळाही इथलाच, १९४० च्या दशकात स्टो गावात तयार झालेला. त्याची वॉल्थम बटरनट ही नावाजलेली जात वॉल्थमच्या कृषी संशोधन केंद्रातली. आपल्याला वॉल्थम म्हणजे फक्त देशी दुकानांचं गाव, तांदूळ-डाळीची गोणी आणायचं. लाल भोपळ्याच्या जागी तो कुठेही चालतो: घारगे, दह्यातलं भरीत, सांबार. घारग्यांना गूळ थोडा कमी लागतो.

केलची भाजी पालकासारखी करायला गेलात तर चघळत बसाल. ती मुळ्याच्या पाल्यासारखी करा: जाड शिरा काढून बारीक चिरा, हरभरा डाळ, भरपूर लसूण, आणि झाकण ठेवून वेळ द्या.

सनचोक हे आल्यासारखे दिसणारे कंद अगदी चविष्ट असतात, पण पहिल्यांदा दोन-तीनच खा. त्यातलं इन्युलिन नावाचं कर्बोदक आपल्याला पचत नाही, पोटातले जंतू त्याच्यावर मेजवानी करतात. हिंगाची डबी रिकामी केलीत तरी उपयोग होत नाही.

क्रॅनबेरी शरदात निघते आणि डिसेंबरपर्यंत टेबलांवर असते. कच्च्या करवंदाचा आंबटपणा आठवतो? तेच. अर्धी करून मीठ, हळद, लोणच्याचा मसाला आणि गार केलेली फोडणी. चौथ्या दिवशी वरण-भाताबरोबर काढा.

आणि सुके घेवडे चुकवू नका. तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जेकब्स कॅटल, पोटावर शिपायाचं चित्र असल्यासारखा डाग असलेला सोल्जर. रात्रभर भिजवून कुकरला लावा, गोडा मसाला आणि गूळ-आमसूल घालून उसळ. राजम्याच्याच जातीचे आहेत, त्यामुळे मोड आणून अर्धकच्चे खायचे नाहीत, पूर्ण शिजवायचे.

ऱ्होड आयलंडच्या टेबलांवर जात्यावर दळलेलं पांढऱ्या मक्याचं पीठ मिळालं तर घ्या. उकळत्या पाण्यात मळून केलेली त्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा. बास.

भोगीची भाजी इथल्या सामानातून होते का?

अर्धी होते. भोगीच्या आधीच्या शनिवारी मी यादी घेऊन जाते: गाजर, बटाटा, कांदा, लसूण इथलं, पावटा, ओला हरभरा, वाटाणा देशी दुकानातल्या गोठवलेल्या पाकिटांतला, वांगं मेक्सिकोहून आलेलं, तीळ आणि बाजरीचं पीठ घरातलं. ऊस-बोरांची आठवण फक्त काढायची.

एका वर्षी हौसेने जांभळी गाजरं घेतली. विकणाऱ्याने विचारलं, काय करणार? मी भोगी, संक्रांत, तीळ सगळं सांगितलं. तो ऐकत होता, थंडीने भेगाळलेल्या बोटांनी गाजरांवरची सुकी माती झटकत. म्हणाला, शिजवलीत तर रंग सुटेल हं. मी म्हटलं, सुटू दे. सुटला. बटाटे, पावटे, तिळाचं वाटण, सगळं पातेलं शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं झालं आणि घरात कुणी हात लावेना. चव उत्तम होती, एवढं नोंदवून ठेवते. आता भोगीला नारिंगीच गाजरं.

आम्ही जैन आहोत. यायचा उपयोग आहे का?

खरं सांगायचं तर हिवाळी बाजार तुमच्यासाठी अवघड आहे, कारण तीन चतुर्थांश टेबल जमिनीखालचं असतं. कोबी, केल, भोपळे, सफरचंदं, सुके घेवडे, मक्याचं पीठ आणि मेपल सिरप यांच्यासाठी चक्कर मारा. उपवासवाल्यांचं उलटं: इथली रताळी महाशिवरात्रीपर्यंत छान टिकतात.

चीज आणि पाव शाकाहारी असतात का?

विचारायचं. पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) लावतात. बरेच लोक वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरतात आणि विचारलं की स्पष्ट सांगतात. ॲपल पायसारख्या पदार्थांच्या पारीत कधी कधी डुकराची चरबी असते आणि पावावरची चमक अनेकदा अंड्याची. "व्हेजिटेरियन आहे का" एवढंच विचारू नका, थेट "रेनेट कुठलं, लार्ड आहे का, अंडं आहे का" असं विचारा.

सगळं सेंद्रिय असतं का?

नाही. शेतकरी बाजार म्हणजे सेंद्रिय बाजार हा समज पुण्या-मुंबईतून आपण बरोबर घेऊन येतो. सेंद्रियचं सरकारी प्रमाणपत्र काहींकडे असतं. काही जण तशीच शेती करतात, पण प्रमाणपत्राचा खर्च आणि कागद नकोत म्हणून घेत नाहीत. आणि सफरचंदवाले बहुतेक सेंद्रिय नसतात, त्याला कारण आहे: न्यू इंग्लंडच्या दमट हवेत सफरचंदावर खवड्या रोग आणि किडी इतक्या येतात की फवारणीशिवाय विकण्याजोगं पीक काढणं फार कठीण. चांगले बागायतदार किडीवर लक्ष ठेवून गरजेपुरतीच फवारणी करतात. पाटी वाचण्यापेक्षा "तुम्ही काय फवारता आणि कधी?" असं विचारा. ज्याला सांगायला आवडतं त्याच्याकडून घ्या.

मध साकळलेला होता. साखर मिसळलेली असणार?

उलट. न तापवलेला मध थंडीत साकळतोच; कोमट पाण्यात बाटली ठेवा, सुटतो. मात्र घरात तान्हं बाळ असेल तर आजी कितीही म्हणाली तरी एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांना तो धोका नसतो.

हिवाळ्यात अंडी का कमी असतात?

कोंबडीला भरपूर अंडी घालायला साधारण १४ तासांहून जास्त उजेड लागतो. काही शेतकरी दिवे लावतात, काही कोंबड्यांना विश्रांती देतात. दुसऱ्या प्रकारच्यांकडे रांग असते.

कच्चं दूध किंवा चीक मिळेल का? खरवसाची फार आठवण येते.

मॅसॅच्युसेट्समध्ये न तापवलेलं दूध बाजारात विकता येत नाही. परवाना असलेल्या गोठ्यावर जाऊनच घ्यावं लागतं. चिकाचं तर नावच नको. कच्च्या दुधाचं चीज मात्र किमान ६० दिवस मुरवलेलं असेल तर विकता येतं, ते बाजारात दिसतं. खरवसाची तहान त्यावर भागत नाही, हे मी करून पाहिलंय.

मटण, मासे?

मांस गोठवलेलं असतं, शीतपेटीतून काढून देतात. टेबलावर फक्त यादी दिसते, म्हणून नवीन माणूस पुढे निघून जातो. मेंढीचं नेहमी, बोकडाचं कधीतरी. आपल्याला हवे तसे हाडासकट तुकडे मिळतीलच असं नाही, आधी सांगून ठेवलं तर जमतं. मासे ताजे असतात आणि मासेवाला कुठल्या बंदरातून आणले तेही सांगतो. आमच्या घरी कोकणातली मंडळी आहेत. त्यांचं मत इतकंच की डोकं काढून का टाकतात.

गाडीत भाजी ठेवून पुढची कामं उरकली तर चालेल?

उणे १० अंशांत अजिबात नको. मी एकदा पालकाची पिशवी आणि बटाटे मागच्या सीटवर ठेवून दोन तास मैत्रिणीकडे चहाला बसले. पालक काचेसारखा कडकडीत झाला होता, आणि घरात आल्यावर त्याचा हिरवा लगदा झाला. बटाटे वरून ठीक दिसत होते. दुसऱ्या दिवशी चिरले तर आत काळपट आणि पाणी सुटलेलं. पालेभाजी आणि बटाटे घेतले की सरळ घरी. किंवा मित्रमैत्रिणीच्या घरात पिशवीसकट शिरायचं, लाजायचं नाही.

घरी कसं ठेवायचं?

गाजर-बिटांचा पाला असेल तर लगेच तोडा, तो कंदातलं पाणी ओढून घेतो. (बिटाचा पाला टाकू नका, भाजी होते.) कंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये. सफरचंदं वेगळ्या कप्प्यात, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने गाजरं कडू होतात. भोपळा, रताळी बाहेर, पण हीटरपासून लांब. रताळं फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचा गाभा शिजूनही टणक राहतो. कांदे-बटाटे शेजारी शेजारी ठेवू नका.

बर्फाच्या दिवशी बाजार असतो का? गाडी कुठे लावायची?

बहुधा असतो, कारण माल तयार असतो. मोठं वादळ असेल तर आदल्या संध्याकाळी रद्द झाल्याचं कळवतात. सॉमरव्हिल-केंब्रिजमध्ये रस्त्यावर गाडी लावण्याचे नियम एरवीही किचकट असतात, आणि बर्फाची आणीबाणी जाहीर झाली की ते बदलतात. चुकीच्या बाजूला लावलेली गाडी उचलून नेतात. त्या दिवशी बस.

पिशव्या घरून न्या, प्लॅस्टिकची पिशवी मिळत नाही. कुत्रा नेऊ नका. आत ऊब असते पण दार सारखं उघडतं, म्हणून जाडजूड कोटाखाली काढता येईल असं काही घाला.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना न्यावं का?

जरूर. जानेवारीत घरात अडकलेल्या माणसांना चार तोंडं दिसतात, बसायला खुर्च्या असतात, कधी कुणी गिटार वाजवत असतं. माझे वडील गावी शेती बघायचे. इंग्रजी जेमतेम. एका बटाटेवाल्याशी ते वीस मिनिटं बोलत होते. दोघांनी एकमेकांना फोनवर आपापल्या शेताचे फोटो दाखवले. नंतर बाबा मला म्हणाले, "याच्याकडे पाण्याचं बरंय, पण मजुरांचं आपल्यासारखंच."

भारतात न्यायला काय घ्यावं?

मेपल सिरप. घट्ट बंद डबा किंवा बाटली, चेक-इनच्या सामानात (हातातल्या बॅगेत नाही), दोन पिशव्यांत गुंडाळून. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, त्यामुळे किमतीवर कुरकुर करू नका. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रंगाप्रमाणे चार प्रकार असतात. फिकट सोनेरी नाजूक असतं, पण काकवी आवडणाऱ्या घरी गडद न्या. भाकरीबरोबर तेच चालतं.

हंगाम संपतो कधी, आणि शेवटी काही वेगळं असतं का?

मार्चअखेर-एप्रिल. तेव्हा रात्री गोठण आणि दिवसा वितळण असं सुरू झालेलं असतं, म्हणून त्याच वर्षीचं नवं सिरप येतं. भोपळे संपत आलेले असतात, कांद्याला कोंब फुटलेले असतात. आणि एखाद्याच टेबलावर मातीने बरबटलेल्या पार्सनिपची पेटी असते, हिवाळाभर जमिनीतच ठेवून नुकतीच खणून काढलेली. ती दिसली तर दोन पाउंड घ्या. पुढच्या शनिवारी नसते.